पुण्याचा क्लब दिल्लीला कसा पोहोचला?

मा. श्री. कल्याण चौबे,
अध्यक्ष, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
नवी दिल्ली



आमच्या घरच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराला टेकून, एक नारिंगी कापड घडी घालून ठेवले आहे. वीस फूट लांब. कापड रविवार पेठेतून आणले होते. रुंदी पुरत नव्हती म्हणून शिंप्याकडून दोन पट्टे जोडून घेतले. मग आमच्या ढोल-ताशा पथकातल्या पोरांनी ते जमिनीवर अंथरले आणि जांभळ्या रंगात त्यावर एकच शब्द लिहिला : पुणे. शेवटच्या अक्षराची मात्रा कापडाच्या कडेबाहेर जाईल असे दिसल्यावर ती जरा आखूड केली. आजही ती तशीच आखूड आहे.

हे कापड मी शेवटचे मनापासून फडकवले ते 7 मार्च 2018 रोजी. बुधवार होता. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरू एफसी यांच्यातला इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. पुण्याचा संघ चार हंगामांत पहिल्यांदाच इथवर आला होता. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी त्या वर्षी अशी जमली होती की, ज्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता तेही कामावरून थेट बालेवाडीला येत होते. सामना 0-0 सुटला. परतताना बाणेर रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीतून काही ना काही नारिंगी बाहेर आलेले होते. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही 3-1 ने हरलो. वाईट वाटले, पण ते वाईट वाटणेही आमचे होते. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणत झोपलो.

पुढचे वर्ष आले. त्याच्या पुढचे आलेच नाही.

2019 च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, त्यामुळे नदीपात्रात सगळ्याच पथकांचा सराव जोरात होता. दोन आवर्तनांच्या मधे कुणीतरी मोबाइल पुढे केला. एफसी पुणे सिटीची जागा आता हैदराबाद एफसी हा नवा क्लब घेणार, अशी बातमी होती. खेळाडूंचे करार तिकडे जाणार आणि प्रशिक्षक फिल ब्राउनही तिकडेच. ती बातमी वाचून कुणी रडले नाही. पथकप्रमुखाने शिट्टी मारली आणि सराव पुन्हा सुरू झाला. पण त्या रात्री घरी आल्यावर मी ते कापड माळ्यावर टाकले, आणि तेव्हापासून ते तिथेच आहे.

अध्यक्ष महोदय, पुण्याच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या हैदराबाद एफसीचे पुढे काय झाले, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. 20 मार्च 2022 रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून ते आयएसएलचे विजेते झाले. पुढे पैशांची तंगी सुरू झाली, थकलेल्या देण्यांवरून फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली, मालकी बदलली आणि 2025 मध्ये तोही क्लब उठून दिल्लीला गेला. आता त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे 2014 मध्ये पुण्यात सुरू झालेली लीगमधली एक जागा अकरा वर्षांत हैदराबादमार्गे दिल्लीला पोहोचली. तीन शहरांतल्या माणसांनी तीन वेगवेगळ्या रंगांची कापडे शिवून घेतली. आमचे माळ्यावर आहे. हैदराबादच्या पिवळ्या कापडांचे काय झाले असेल, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

हे पत्र मी एका क्लबाची तक्रार म्हणून लिहीत नाही. 2019 मध्ये आपण अध्यक्ष नव्हतात, तेव्हाच्या निर्णयाचा जाब आपल्याला विचारणे योग्यही नाही. पण महासंघाच्या अध्यक्षपदी बसलेले पहिले माजी खेळाडू म्हणून आपला गौरव झाला होता. आपण गोलरक्षक होतात. सामन्यात चेंडू दूर असतानाही समोरचे सगळे मैदान ज्याला दिसते, तो गोलरक्षक. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. जे आम्ही प्रेक्षकांच्या खुर्चीवरून पाहिले, ते आपणही एकदा नीट पाहावे.

पुण्यात आम्ही एक क्लब गमावला नाही, चार गमावले. पुणे एफसी 2007 साली स्थापन झाला. 2009-10 मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये पदार्पण करून पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि 2012-13 मध्ये उपविजेता ठरला. त्याची अकादमी तर देशात नावाजलेली होती. 2014-15 च्या हंगामानंतर त्याने आय-लीग सोडली. त्याच हंगामात पुण्यात भारत एफसी नावाचा दुसरा क्लब आय-लीगमध्ये उतरला होता. तो एक हंगाम खेळला आणि बंद झाला. मग डीएसके शिवाजियन्स आला. 1987 पासून शहरात असलेल्या शिवाजियन्सला एका बांधकाम समूहाने हाती घेऊन थेट आय-लीगमध्ये आणले होते. दोन हंगामांनंतर, 2017 मध्ये, तोही गेला. आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटी. 2015 च्या सुरुवातीला या एका शहरात देशाच्या वरच्या दोन लीगमध्ये खेळणारे तीन क्लब होते. चार वर्षांत एकही उरला नाही.

प्रत्येक क्लब बंद होताना कारण वेगळे होते, मालक वेगळे होते. एक गोष्ट मात्र चारही वेळा सारखी होती. ज्यांच्या नावाने तो क्लब चालत होता, त्या शहराला कुणी विचारले नाही. विचारायची पद्धतच नव्हती. आजही नाही.

हे फक्त पुण्याचे दुखणे असते तर मी आपला वेळ घेतला नसता. पहिल्या राष्ट्रीय लीगचा, 1996-97 चा विजेता फगवाड्याचा जेसीटी 2011 मध्ये बंद झाला. 2005-06 चा विजेता मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये. मुंबई एफसी 2017 मध्ये. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो, आणि त्याच्याबरोबर साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा, यांनी 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. पुण्याचा संघ हैदराबादला गेला त्याच आठवड्यात दिल्ली डायनामोजचा ओडिशा एफसी झाला आणि तो भुवनेश्वरला गेला. हैदराबादची जागा दिल्लीला आली तेव्हा दिल्लीकरांना क्लब मिळाला खरा, पण त्यांच्याकडून सहा वर्षांपूर्वी एक गेला होता, हे तेही विसरलेले नसतील. आपल्याकडे क्लब भाड्याच्या घरात राहिल्यासारखे राहतात. करार संपला की सामान बांधायचे.

कोल्हापुरात असे होत नाही. तिथे पाटाकडील तालीम मंडळ आहे, शिवाजी तरुण मंडळ आहे, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासून आहे, आणि शाहू स्टेडियमवर या संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडतात. या तालमींकडे कुणा उद्योगसमूहाचे पाठबळ नाही, परदेशी प्रशिक्षक नाहीत. खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत जातात, त्यावरून भांडणेही होतात. पण तालीम पेठेतून उठून सांगलीला जात नाही. ती उचलून नेण्याचा अधिकार कुणाकडेच नाही, कारण ती कुणा एकाची नाही. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, हे आपल्याला आठवत असेल. असा खेळाडू घडतो तो पोराला लहानपणापासून फुटबॉल दिसत राहतो म्हणून. शाळेत जाता-येता, तालमीच्या कट्ट्यावर, थोरल्या भावाच्या बुटांत.

दुसरे उदाहरण आमच्या गणेश मंडळांचे. मंडळात भांडणे होतात, गट पडतात, अध्यक्ष बदलतात. पण वर्गणी दिली की पावती मिळते, आणि नोंदणी झालेल्या मंडळाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा जमाखर्च मांडवाच्या खांबावर टाचलेला असतो. एकावन्न रुपये देणारी आजी चष्मा लावून तो वाचते आणि मंडपाच्या खर्चावर कार्यकर्त्याला उभे करून प्रश्न विचारते. कार्यकर्ता उत्तर देतो. त्याला ते द्यावेच लागते, कारण उद्या पुन्हा तिच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन जायचे असते. मी चार वर्षे हंगामाचे तिकीट काढले, जर्सी घेतली, कापड शिवून घेतले, मित्रांना ओढून नेले. त्या काळात आमच्यासारख्या पन्नास-साठ प्रेक्षकांच्या सह्यांचे एक पत्र घेऊन मी शहरातल्या एका क्लबाच्या कार्यालयात गेलो होतो. पुढच्या हंगामाचे काय, एवढाच प्रश्न त्यात होता. स्वागतकक्षातल्या मुलीने पत्र घेतले, पोच म्हणून शिक्का दिला. तो शिक्का एवढेच आम्हाला मिळालेले उत्तर. त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिच्या वरच्यांनाही आम्हाला उत्तर द्यायचे बंधन कुठल्या नियमाने घातलेले नव्हते.

नियम नसला की काय होते, हे सगळ्यांत जास्त पोरांना भोगावे लागते. आमच्या शेजारच्या चाळीतला तेरा वर्षांचा एक मुलगा शहरातल्या एका क्लबाच्या वयोगटातल्या संघात निवडला गेला होता. त्याला प्लॅस्टिकचे ओळखपत्र मिळाले होते, निळ्या दोरीचे. तो ते शाळेतही गळ्यात घालून जायचा. बाईंनी रागावल्यावर कंपासपेटीत ठेवायला लागला. क्लब बंद झाला तेव्हा मोठ्या खेळाडूंना दुसरीकडे करार मिळाले, प्रशिक्षकांना नोकऱ्या मिळाल्या. या मुलाला एक दिवस सरावाला येऊ नकोस एवढे सांगण्यात आले. दहावीपर्यंत ते ओळखपत्र त्याच्या कंपासपेटीत होते. त्याने पुढे फुटबॉल सोडला. तो मोठा खेळाडू झालाच असता, असे मी म्हणत नाही. पण तो झाला असता की नाही, हे कळण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. पुणे एफसीची अकादमी 2016 मध्ये एफसी पुणे सिटीने सांभाळली म्हणून मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन घडत राहिला आणि 2019 च्या जानेवारीत आशियाई चषकात भारताकडून खेळला. धागा तुटला नाही तर काय होऊ शकते, ते आशिकने दाखवले. तुटला तर काय होते, ते कंपासपेटीतल्या ओळखपत्राला विचारावे.

मालकांची बाजू मला दिसत नाही, असे नाही. भारतात फुटबॉल क्लब चालवणे म्हणजे वर्षानुवर्षे तोटा सोसणे. आयएसएलमधल्या मालकांनी दरवर्षी मोठी फी भरली, परदेशी खेळाडू आणले, मैदाने भाड्याने घेतली, आणि त्या मानाने हाती फार थोडे लागले. कुणाला परवडेनासे झाले तर त्याने थांबावे, हा त्याचा हक्क आहे. आणि आमचीही चूक आहे. बालेवाडीच्या अनेक सामन्यांना खुर्च्या रिकाम्या असायच्या. शनिवारी रात्री मात्र कोरेगाव पार्क आणि बाणेरच्या हॉटेलांत मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूलच्या जर्सी घालून बसायला जागा नसायची. आपल्या शहरातला संघ हा कमी दर्जाचा, असे मानणारे आम्हीच होतो. हे मला कबूल आहे.

पण थांबणे वेगळे आणि हलवणे वेगळे. दुकान तोट्यात गेले तर मालकाने शटर ओढावे. गावाचे ग्रामदैवत तोट्यात आहे म्हणून कुणी पुढच्या गावाला विकत नाही. क्लब यांपैकी नेमका कशासारखा आहे, हे ठरवायचे काम महासंघाचे आहे. ते आजवर ठरवलेलेच नाही, म्हणून आतापर्यंत प्रत्येक वेळी मालकाने ठरवले.

इतर देशांतल्या प्रेक्षकांनाही हा प्रश्न पडला आणि त्यांनी त्याचे उत्तर शोधले. लंडनच्या नैऋत्येला विम्बल्डन नावाचा क्लब होता. 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून त्याने एफए कप जिंकला होता. त्याला सुमारे 90 किलोमीटर लांब मिल्टन कीन्स या शहरात नेण्याची परवानगी 2002 मध्ये एका तीन सदस्यांच्या आयोगाने दिली. चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा ते फुटबॉलच्या व्यापक हिताचे होणार नाही, असेही आयोगाने म्हटले. चाहत्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन काढला. विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर, कुणीही यावे अशी चाचणी ठेवून, खेळाडू निवडले. नवव्या पातळीच्या लीगपासून सुरुवात केली. 2011 मध्ये ते व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये परतले आणि 2020 मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेन रस्त्यावर नवे मैदान बांधून घरी आले. त्या क्लबाची मालकी आजही चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे.

जर्मनीत 1998 पासून नियम आहे की, क्लबातली बहुसंख्य मते सदस्यांकडेच राहिली पाहिजेत. काही जुने अपवाद आहेत, पण नियम टिकून आहे. 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू टाकून सामने थांबवले आणि लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराशी चाललेला करार सोडून दिला. इंग्लंडमध्ये मालकांच्या मनमानीला कंटाळून, आणि 2021 मधल्या युरोपियन सुपर लीगच्या प्रयत्नानंतर, संसदेने कायदाच केला. जुलै 2025 मध्ये तो मंजूर झाला. आता तिथे स्वतंत्र नियामक आहे. मैदान विकायचे किंवा क्लब हलवायचा तर त्याची मान्यता घ्यावी लागते. क्लबाचे चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर बहुसंख्य चाहत्यांचे मत आधी अजमावावे लागते. ज्या देशात क्लबांची खरेदी-विक्री सर्वांत मोठ्या रकमांना होते, त्याच देशाला शेवटी हे कायद्यात लिहावे लागले.

आणि आपल्याकडे? महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपत होता. पुढे काय, हे वेळेत ठरले नाही म्हणून त्या वर्षीच्या जुलैमध्ये लीग थांबली. ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार रोखले. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला मोठा हिस्सा सोडला, आणि कारण दिले ते लीगच्या भवितव्यातल्या अनिश्चिततेचे. दोनदा आयएसएल कप आणि दोनदा लीग शील्ड जिंकलेला आपल्या राज्यातला सर्वांत यशस्वी क्लब तो. हंगाम सुरू झाला तो 14 फेब्रुवारी 2026 ला, एकेरी फेरीचा. या सगळ्या महिन्यांत मालक बोलले, महासंघ बोलला, मंत्री बोलले, सर्वोच्च न्यायालय बोलले. अंधेरीला लोकलने जाऊन, रिक्षाच्या रांगेत उभे राहून मैदान गाठणाऱ्या माणसाला बोलायला जागा कुठे होती?

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. तिने सर्वसाधारण सभेत माजी खेळाडूंना स्थान दिले, हे फार चांगले झाले. ज्याने खेळ खेळला त्याचा आवाज ऐकला जाणार. आता ज्याने तो पाहिला, त्याचाही ऐकावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमच्या तीन मागण्या आहेत. त्या मी साध्या शब्दांत लिहितो.

पहिली मागणी शहराबद्दल. कोणताही क्लब एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचा असेल तर महासंघाने किमान नव्वद दिवस आधी त्या शहरात जाहीर सुनावणी घ्यावी. शहरातल्या कुणी, मग तो उद्योजक असो वा प्रेक्षकांची संस्था, क्लब चालवायची तयारी दाखवली तर पहिला हक्क त्यांचा असावा. आणि क्लब गेलाच तर त्याचे नाव, चिन्ह आणि रंग शहरातच राहावेत. मालकाला लीगमधली जागा विकता येईल. पुणे विकता येऊ नये.

दुसरी मागणी पैशांबद्दल. क्लबाला परवाना देताना महासंघ क्रीडा, सुविधा, कर्मचारी, कायदा आणि अर्थव्यवहार असे निकष तपासतो. त्यात एक भर घालावी. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक मालकाने बँक हमी द्यावी. सगळ्या कर्मचाऱ्यांचा आणि खेळाडूंचा एका हंगामाचा पगार आणि वयोगटातल्या मुलांचा पुढच्या एका वर्षाचा खर्च भागेल, एवढ्या रकमेची. उद्या मालकाने शटर ओढले तरी तेरा वर्षांच्या मुलाला निदान एक वर्ष सरावाला जाता येईल, आणि तेवढ्या वेळात त्याच्यासाठी दुसरी जागा शोधता येईल. ज्याला ही हमी देता येत नसेल, त्याने या वर्षी क्लब काढू नये. एक क्लब कमी झालेला चालेल.

तिसरी मागणी आमच्या खुर्चीबद्दल. हंगामाचे तिकीट घेणाऱ्यांनी मतदान करून निवडलेला एक प्रतिनिधी प्रत्येक क्लबाच्या संचालक मंडळावर असावा. त्याला संघनिवडीत बोलायचा अधिकार नको, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही नको. क्लबाचा वार्षिक जमाखर्च पाहण्याचा, आणि तो त्या शहराच्या भाषेत प्रसिद्ध झाला पाहिजे असा आग्रह धरण्याचा अधिकार असावा. आमच्या गल्लीतल्या आजीला मंडळाचा हिशेब विचारता येतो. कोट्यवधी रुपयांची उलाढाल करणाऱ्या क्लबाला तेवढा तरी उघडेपणा जमायला हवा.

या मागण्या मान्य झाल्या म्हणून उद्या बालेवाडीत सामना होईल, असा माझा समज नाही. आमचा क्लब गेला तो गेला. पण देशात कुठेतरी, एखाद्या शहरात, आजच कुणीतरी कापड शिवायला टाकत असेल. दोन पट्टे जोडून घेत असेल. शेवटच्या अक्षराची मात्रा बसेल की नाही, हे पोरे वाकून पाहत असतील. त्या माणसावर ते कापड पाच वर्षांनी माळ्यावर टाकायची वेळ येऊ नये, म्हणून हे पत्र.

महासंघाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी आपल्याला विनंती आहे. सभेपुढे म्हणणे मांडायला आम्ही पुण्याहून स्वखर्चाने येऊ. आमच्या कापडावर कुणा मालकाचे नाव नाही, कुणा प्रायोजकाचे नाही. एकच शब्द आहे, तो अजून वाचता येतो, आणि तो शहराचा आहे.

आपला,
बालेवाडीचा एक प्रेक्षक,
पुणे